वारीच्या पिशवीतला बाम : कुठं लावायचा, किती लावायचा आणि कुठं हातही लावायचा नाही

विश्रांतवाडी (पुणे) : ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत प्रस्थान होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माऊलींची पालखी पुण्याच्या वाटेला लागते. थोरल्या पादुका, दिघी ओलांडून ती विश्रांतवाडीत पोचते, तेव्हा वारकऱ्यांचं जेमतेम दहा-बारा किलोमीटर चालणं झालेलं असतं. पंढरपूर अजून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. तरीही आळंदी रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या पायऱ्यांवर, सोसायट्यांच्या कुंपणाला टेकून दिंड्यांतली माणसं घटकाभर बसतात आणि चहाच्या पाठोपाठ पिशवीतून जी वस्तू बाहेर निघते ती बहुतेक वेळा बामची डबी असते. कुणी कपाळाला लावतं, कुणी गुडघ्याला, कुणी कंबरेला. शेजारी बसलेल्याच्या बोटाला थोडा दिला जातोच.

परभणी, नांदेड, लातूर, हिंगोलीकडून आलेली साठी-सत्तरीची ही माणसं. आयुष्यभर शेतात वाकून कंबर गेलेली, गुडघे झिजलेले. त्यांना डॉक्टरपेक्षा बाम जवळचा वाटतो यात नवल नाही. पुणेकरही या दिवशी सेवेला उतरतात. कुणी तेल लावून पाय चोळून देतं, कुणी चपला शिवून देतं, कुणी फुकट दाढी करून देतं आणि औषधांच्या टेबलावर ट्यूब वाटल्या जातात. वाटणारा घाईत, घेणारा घाईत. ‘काय दुखतंय?’ एवढं विचारायला जेमतेम वेळ. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचायला तर नाहीच, आणि ते बारीक इंग्रजीत असतं.

घोटाळा इथंच होतो. आपण ज्याला सरसकट ‘बाम’ किंवा ‘मलम’ म्हणतो, ती एक वस्तू नाही. किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचं काम वेगळं, लावायची पद्धत वेगळी आणि धोकाही वेगळा.

डबीतला बाम : नसांची फसवणूक, पण उपयोगी

पहिला प्रकार म्हणजे जुना, डबीतला, नाकात शिरणारा बाम. या धंद्याचा इतिहास मुंबई-पुण्याच्या अंगणातलाच आहे. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालं. सुरू करणारे काशीनाथुनी नागेश्वरराव मूळचे आंध्रचे. बामच्या कमाईचा हातभार घेऊन त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू वृत्तपत्र काढलं आणि पुढं स्वातंत्र्यलढ्यातही उतरले. झंडू १९१० मधली, तीही मुंबईचीच. पुणे जिल्ह्यातल्या लोकांना तर बोरघाटातला ‘अमृतांजन पूल’ ठाऊकच आहे. इंग्रजांनी १८३० मध्ये बांधलेल्या त्या पुलाला लोकांनी हे नाव दिलं, कारण त्यावर या बामची जाहिरात असायची. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, तो पाडला. पूल गेला तरी त्या जागेचं नाव लोकांच्या तोंडातून गेलेलं नाही.

या डब्यांत मुख्यतः चार-पाच घटक असतात : पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेंथॉल, कापूर, निलगिरीचं तेल, गंधपुरा तेल आणि काहींत टर्पेंटाइन किंवा लवंगेचं तेल. यातल्या मेंथॉलची गंमत अशी, की त्यानं कातडी खरोखर गार होत नाही. आपल्या कातडीतल्या नसांच्या टोकांवर गारवा ओळखणारे छोटे दरवाजे असतात. मेंथॉल ते दरवाजे उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, ‘गार वाटतंय’. मिरचीचं उलटं. ठेचा वाटलेला हात चुकून डोळ्याला लागला की आग होते. तिथं जाळ नसतो, पण उष्णता ओळखणारा दरवाजा मिरचीतल्या कॅप्सेसिननं उघडलेला असतो. मिरचीचा हा दरवाजा शोधून काढणारे अमेरिकेतले डेव्हिड ज्युलियस आणि स्पर्श ओळखणारे दरवाजे शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग दुखणं कमी का वाटतं? कोपर दाराला आपटलं की आपण काहीही विचार न करता ते चोळायला लागतो. चोळल्याचा, गारव्याचा, उबेचा निरोप आणि दुखण्याचा निरोप मणक्यातल्या एकाच फाटकातून मेंदूकडे जातात. चोळण्याच्या निरोपांची गर्दी झाली की दुखण्याचा निरोप मागं पडतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. पुढं तिच्यात बरीच दुरुस्ती झाली, पण गाभा टिकून आहे.

म्हणजे बामनं सूज उतरत नाही, झीज भरत नाही, लिगामेंट जुळत नाही. अर्धा-एक तास दुखण्यावरून लक्ष हटतं. पण हे थोडं थोडकं नाही. दिवसभर चालून आखडलेल्या पिंढऱ्या, पिशवी वाहून भरलेले खांदे, उशी नसल्यानं आखडलेली मान, यांना तेवढ्यानं झोप लागली तर शरीर बाकीचं काम स्वतः करतं. आणि बाम लावताना चोळणारा हात असतो, त्याचाही वाटा मोठा. वारीत सुनेच्या वयाची कुणी अनोळखी मुलगी आजींचे पाय मांडीवर घेऊन तेल जिरवते, तेव्हा आराम निव्वळ तेलाचा नसतो.

ट्यूबमधलं जेल : यात खरं औषध आहे

दुसरा प्रकार म्हणजे ट्यूबमधलं जेल. यात डायक्लोफेनॅक असतं, म्हणजे दुखण्याच्या गोळीत असतं तेच औषध. काहींत किटोप्रोफेन किंवा आयबुप्रोफेन. ही औषधं कातडीतून खाली उतरून सूज आणणाऱ्या रसायनांवर काम करतात. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं याचा हिशेब मांडला आहे. मुरगळणं, लचकणं, स्नायू ताणला जाणं अशा ताज्या दुखण्यात डायक्लोफेनॅकचं जेल लावलेल्या दहातल्या सात-आठ जणांना आठवडाभरात चांगला आराम पडला. औषध नसलेलं नुसतं जेल लावलेल्यांत दहातल्या दोघांना. गुडघ्याच्या जुन्या झिजेत मात्र फरक लहान : औषध लावलेल्या दहातल्या सहांना, नुसतं जेल लावलेल्या दहातल्या पाचांना. फरक आहे, पण जाहिरातीत आजोबा उठून पळायला लागतात तेवढा नाही. गंधपुरा तेलाच्या जातीच्या बामबद्दल मात्र त्याच संस्थेला ठोस पुरावा सापडला नाही.

कंबरेत, मणक्यात, खुब्यात दुखत असेल तर जेलचा भरवसा धरू नये. तिथलं दुखणं खोलवर असतं आणि औषध तिथपर्यंत पुरेसं पोचत नाही. गुडघा, घोटा, मनगट, बोटांचे सांधे कातडीजवळ असतात; जेलचं खरं काम तिथं.

आता बहुतेकांचं काय चुकतं ते. ट्यूब महाग, म्हणून हरभऱ्याच्या डाळीएवढं जेल घ्यायचं आणि दोन्ही गुडघ्यांना पुरवायचं. असं केलं तर ट्यूब महिनाभर पुरते, पण औषध म्हणून जवळजवळ काहीच पोचत नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून घडीपर्यंत जेलची एक पट्टी काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. एका गुडघ्याला एका वेळी दोन ते चार ग्रॅम लागतं, म्हणजे कमीत कमी चार पट्ट्या, आणि तेही दिवसातून तीन-चार वेळा. दोन ग्रॅम चार वेळा धरले तर एका गुडघ्याला दिवसाला आठ ग्रॅम झाले. तीस ग्रॅमची ट्यूब चार दिवसही पुरत नाही. ज्याला हा हिशेब परवडत नाही त्यानं डॉक्टरांना तसं सरळ सांगावं. डाळीएवढं लावून ‘हे औषध गुणच देत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक धीराची. आपल्याकडच्या बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफेनॅकबरोबर मेंथॉल आणि गंधपुरा तेलातला मिथाईल सॅलिसिलेट हा घटकही घातलेला असतो. लावल्याबरोबर जो गारवा वाटतो तो मेंथॉलचा. डायक्लोफेनॅकचा पुरता गुण यायला दोन-चार दिवस, कधी आठवडा जातो. गारवा अर्ध्या तासात ओसरला म्हणून माणूस ट्यूब बाजूला टाकतो आणि गोळीकडे वळतो.

आणि गोळीकडे वळणं वारीत महागात पडू शकतं. साठी उलटलेला माणूस, उन्हात चालून अंगातलं पाणी कमी झालेलं, रक्तदाबाची गोळी चालू, पोटात सकाळचा चहा आणि वरून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, हे सगळं एकदम झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. पोटात व्रण असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. जेलमधलं औषध रक्तात उतरतं, पण गोळीच्या मानानं फार थोडं, काही टक्केच. म्हणूनच ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेला औषध द्यायचं झालं तर आधी लावायचं जेल, मग गोळी, असा क्रम दिलेला आहे. आपल्याकडं नेमकं उलटं : आधी ‘एक सुई मारा डॉक्टर’, मग गोळ्या, आणि ट्यूब मिळाली तर प्रसादासारखी.

जाता जाता जनावरांविषयी. हेच डायक्लोफेनॅक एकेकाळी गुराढोरांना सर्रास टोचलं जायचं. मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली, तेव्हा २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. त्यामुळं बैलाच्या लंगड्या पायाला घरातली ट्यूब लावायचा मोह टाळावा आणि पशुवैद्यकाला बोलवावं.

तेल आणि लेप

तिसरा प्रकार घरचा. तिळाचं तेल, महानारायण तेल, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप. तेलात मुख्य काम मालिशीचं आणि उबेचं. कामाचा शीण, आखडलेपणा यावर ते छान. पण पाय नुकताच मुरगळलाय, घोटा टरारून सुजलाय, तेव्हा गरम तेल लावून रगडणं म्हणजे आत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांना आणखी वाहायला लावणं. पहिले दोन दिवस गार पाण्याची पट्टी किंवा कपड्यात गुंडाळलेला बर्फ, पाय उंचावर, वर पट्टा. शेक, तेल, झणझणीत बाम त्यानंतर. गावोगावी हाड बसवणारे लोक पहिल्याच दिवशी मुरगळलेला पाय ओढतात. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवलं तरी जीव जात असेल, तर एक्स-रे झाल्याशिवाय कुणाच्याही हातात पाय देऊ नये.

पोटरीत गोळा आला तर बाम लावत बसण्यापेक्षा पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढावा, मीठ-साखरेचं पाणी प्यावं. पायाच्या फोडांना तर कसलाच बाम नको. फोड फोडूही नये. धुऊन, कोरडा करून, स्वच्छ पट्टी बांधावी. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाचेत सळक मारत असेल तर तेही बामचं दुखणं नव्हे. तिथं पोटरी आणि तळवा ताणायचा व्यायाम आणि मऊ तळव्याची चप्पल लागते. अनवाणी चालण्याचा नेम असेल तर आपला इलाज नाही, पण विसाव्याला तरी पाय उंचावर ठेवावेत.

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’

हे वाक्य प्रत्येक दिंडीत ऐकू येतं. डबीवर आयुर्वेदिक लिहिलेलं असतं हे खरं. पण गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाईल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या घराण्यातलं रसायन. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, मोठ्या माणसाच्या वीसहून जास्त ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. लहान मूल तेवढ्यानं दगावू शकतं. कापराचंही तेच. थोडासा कापूर पोटात गेला तरी पोराला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. आणि गावाकडं या बाटल्या, डब्या, कापराच्या वड्या कुठं असतात? देवळीत, खिडकीत, आजीच्या उशाशी. नातवंडाच्या हाताला बरोबर येतील अशा जागी. वास गोड, चव गोळीसारखी.

मुलानं बाम किंवा कापूर खाल्ला तर उलटी करवायला जाऊ नये, कारण झटका आला तर उलटी श्वासात जाते. डबी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कापराचा बाम छातीला नको, नाकाला तर कोणत्याही वयात नको.

कातडीतूनही हे रसायन आत जातं. न्यूयॉर्कमध्ये २००७ मध्ये १७ वर्षांची एक धावपटू मुलगी दगावली. तिच्या शरीरात मिथाईल सॅलिसिलेट प्रमाणाबाहेर साठलं होतं, असं वैद्यकीय तपासणीत निघालं; पाय दुखतात म्हणून ती अशी मलमं एकाच वेळी अंगभर वापरत होती. असं क्वचितच घडतं. भाजण्याचे प्रकार त्याहून जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१२ मध्ये बाम, क्रीम, पट्ट्यांनी कातडी भाजल्याची ४३ प्रकरणं जाहीर केली. बहुतेकांत मेंथॉल किंवा मेंथॉल आणि मिथाईल सॅलिसिलेट जास्त प्रमाणात असलेली उत्पादनं होती. बाम लावून वर घट्ट पट्टा आवळणं, गरम पाण्याची पिशवी ठेवणं, गरम पाण्यानं आंघोळ करून लगेच बाम चोळणं, या सगळ्यानं औषध जास्त आत जातं आणि कातडी सोलवटते.

मधुमेह असलेल्यांनी इथं दुप्पट सावध राहावं. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात. आग होतेय हे कळत नाही, म्हणून माणूस आणखी लावतो, वर शेक देतो आणि सकाळी तळव्याला जखम दिसते. अशांनी बाम लावण्यापेक्षा रोज रात्री पाय उजेडात बघून घ्यावेत, स्वतःला दिसत नसेल तर सोबत्याला दाखवावेत.

ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू आहे, त्यांनी गंधपुरा तेलाचा बाम रोज चोळला तर गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर निळे डाग पडणं ही त्याची खूण. ॲस्पिरिननं दमा उठणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हे बाम आणि डायक्लोफेनॅकचं जेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. फवारा वापरणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट : डब्यातला वायू पेट घेतो. तंबूत शेगडी चालू असताना, उदबत्ती लावलेली असताना फवारा मारू नये.

जिथं बाम म्हणजे वेळ घालवणं

वर सांगितलेल्या बहुतेक चुकांत माणसाचं नुकसान होतं ते पैशाचं, फार तर कातडीचं. आता जीवावरच्या चुका.

छाती भरून आली, डावा हात ठणकायला लागला, जबड्यात किंवा दोन खांद्यांच्या मध्ये दुखायला लागलं, अंगाला घाम सुटला. खेड्यात काय होतं? ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा दिला जातो, ‘उसण भरली’ म्हणून बाम चोळला जातो. चोळल्यावर थोडं बरं वाटतं, कारण फाटकाचा नियम इथंही लागू आहे. मेंदूला दुखणं कमी कळतं, पण हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी बंदच राहते. हृदयाच्या झटक्यात पहिला तास सर्वांत मोलाचा आणि तो बामच्या वासात निघून जातो. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ, थकवा एवढंच दिसू शकतं. चालताना दुखणं सुरू होतं आणि थांबलं की थांबतं, हीही धोक्याची खूण. चढावर असं झालं तर ‘दम लागला’ म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी चोळणं नको, चालणं नको. माणसाला बसवावं आणि १०८ ला फोन लावावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून फुकट आहे. विश्रांतवाडीत असाल तर ससून फार लांब नाही. पण पुढं दिवे घाटात, गर्दीत, रुग्णवाहिकेलाही वाट काढत यावं लागतं. म्हणून पहिल्या विसाव्याला वाटलेली शंका पहिल्याच विसाव्याला बोलून दाखवावी.

दुसरी गोष्ट पोटरीची. दोन्ही पोटऱ्या दुखत असतील तर ते चालण्याचं. पण एकच पाय सुजलाय, पोटरी गरम आणि कडक लागतेय, दाबलं की कळ येतेय, तर तिथं रक्ताची गुठळी असू शकते. सेवा करणाऱ्यांनी असा पाय कधीही रगडू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

तिसरी पावसाळ्याची. आषाढात साचलेल्या पाण्यातून, चिखलातून चालणं होतं. ताप, लाल डोळे आणि हात लावू देणार नाहीत इतक्या दुखणाऱ्या पोटऱ्या, ही लेप्टोस्पायरोसिसची खूण असू शकते. सांधे धरून ताप आला तर चिकुनगुन्या, हाडं मोडल्यासारखा ताप आला तर डेंग्यू. डेंग्यूची शंका असताना डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनच्या गोळ्या घातक, कारण रक्तस्रावाची भीती असते. तापाबरोबरचं अंगदुखणं बामनं दाबू नये, रक्त तपासावं.

पाठ-कंबरदुखीबरोबर पायाला मुंग्या, पाय लुळा पडणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, हेही त्याच दिवशी दवाखान्याचं काम.

पिशवीत काय असावं

पालखी पुण्यात दोन मुक्काम करते आणि मग हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला जाते. तो टप्पा सगळ्यांत लांबचा. ज्यांना गुडघ्याचं जुनं दुखणं आहे त्यांनी जेल लावायला घाटाच्या पायथ्याशी नव्हे, निदान तीन-चार दिवस आधी सुरुवात केलेली बरी. लावायच्या आधी पाय धुऊन पुसावा, हलक्या हातानं जिरवावं, दहा मिनिटं धोतर-लुगड्याला लागू देऊ नये. लावल्यावर हात साबणानं धुवावेत, नाहीतर तोच हात डोळ्याला जातो किंवा तुळशीमाळेवरून नातवाच्या तोंडात. गुडघ्यांचा व्यायाम म्हणून चालणं चांगलंच, पण वर्षभर घरात बसून एकदम वीस-पंचवीस किलोमीटर चालायला लागलेल्या गुडघ्याला ट्यूब काय करणार? वारीच्या महिनाभर आधी गावातच रोज थोडं थोडं चालायला सुरुवात केली तर ट्यूब कमी लागते.

एकाच दुखऱ्या जागी बाम, जेल आणि फवारा असं सगळं एकदम नको, एक ठरवावं. आठवडाभर नीट लावूनही फरक नसेल तर ट्यूब बदलण्याऐवजी डॉक्टर गाठावा. आणि प्रत्येकानं एका चिठ्ठीवर आपली रोजची औषधं लिहून ती चिठ्ठी खिशात किंवा चंचीत ठेवावी. लिहिता येत नसेल तर रिकाम्या झालेल्या गोळ्यांच्या पट्ट्याच ठेवाव्यात. एक प्रत दिंडीच्या प्रमुखाकडं द्यावी. औषधांच्या टेबलावर ट्यूब मागताना हीच चिठ्ठी पुढं केली, की मधुमेह आहे की नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे की नाही, हे समोरच्या डॉक्टरला न विचारता कळतं.